मुरलेल्या चहाची पारख

नकाशावर युन्नान आणि तिबेट शेजारी दिसतात. तरीही १९३०च्या दशकात युन्नानच्या दक्षिण टोकाला असलेल्या फोहाय गावाहून ल्हासाकडे निघालेला बराचसा चहा सरळ वाटेने जात नसे. तो खेचरांच्या पाठीवरून ब्रह्मदेशातल्या केंगतुंगला यायचा, तिथून रंगून गाठायचा आणि आगबोटीने कलकत्त्याच्या बंदरात उतरायचा. पुढे रेल्वेने सिलिगुडी, मग कालिंपोंग. कालिंपोंगला तो पुन्हा खेचरांवर लादला जायचा आणि जेलेप ला खिंड ओलांडून तिबेटात शिरायचा. रेल्वे आणि आगबोट स्वस्त पडत, म्हणून एवढा वळसा व्यापाऱ्यांना परवडायचा. ली फुयी या फोहायच्याच चहा व्यापाऱ्याने १९३९ साली या व्यापाराची तपशीलवार हकिगत लिहून ठेवली आहे. दाबून चकत्या करण्यापूर्वी तिथे पत्तीवर पाणी शिंपडून ती काही काळ रचून ठेवत, हेही त्यात येतं.

म्हणजे हा चहा आधी फोहायमध्ये थोडा आंबायचा, मग ब्रह्मदेशाची दमट हवा खायचा, कलकत्त्याच्या गोदामात उकाडा सोसायचा आणि अखेर हिमालयाच्या थंडीत पोचायचा. तिबेटी घरात तो उकळून, लोणी आणि मीठ घालून घुसळला जायचा. वाटेत त्याची चव बदलते याची कुणाला तक्रार नव्हती. उलट पिणाऱ्यांना बदललेलीच चव ओळखीची होती.

फोहायला आता मंगहाय म्हणतात आणि त्या चहाला जग पु-अर म्हणून ओळखतं. चीनमध्ये बहुतेक चहांची किंमत ताजेपणावर ठरते. हिरव्या चहाची वसंतातली पहिली खुडणी सगळ्यात महाग असते आणि वर्षभरात ती उतरणीला लागते. पु-अरचं गणित उलटं आहे. वीस-तीस वर्षं जुन्या चकतीसाठी लोक वाट्टेल ते मोजतात, लिलावात बोली लावतात, फसतात, आणि पुन्हा शोधायला लागतात. मला मात्र या चहाबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. जुना चहा घेताना वर्षं मोजू नयेत, सांभाळ पाहावा. लोणच्याच्या बरणीसारखंच आहे हे: चांगली ठेवली तर मुरतं, हयगय झाली तर बुरशी धरते, आणि दोन्हींचं वय सारखंच असू शकतं.

झाड आणि डोंगर

पु-अरची पत्ती आपल्याला परकी नाही. आपण टपरीवर आलं घालून उकळतो त्या आसामच्या चहाची आणि पु-अरची जात एकच, मोठ्या पानाची कॅमेलिया सायनेन्सिस आसामिका. १८२३ साली रॉबर्ट ब्रूसला आसामातल्या चहाची माहिती सिंगफो जमातीच्या बिसा गाम या प्रमुखाकडून मिळाली. सिंगफो लोक आजही फालाप करतात. पानं कढईत भाजायची, उन्हात वाळवायची, ओल्या बांबूच्या नळीत ठासायची आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायची. बांबू फोडला की आतून चहाचा घट्ट दांडा निघतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आसाम-अरुणाचलापासून ब्रह्मदेश आणि लाओसवरून युन्नानपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात पान साठवण्याच्या अशा पुष्कळ रीती आहेत. पु-अर त्यांतलाच एक, चीनच्या बाजारपेठेने मोठा केलेला.

युन्नानमध्ये या चहाचे तीन मुख्य प्रदेश: शीश्वांगबान्ना, पु-अर आणि लिनत्सांग. मेकाँग नदीला तिथे लानत्सांग म्हणतात. नदीच्या पूर्वेला यीवू, यीबांग, मांगझी, गदंग असे जुने नामांकित चहाचे डोंगर. पश्चिमेला नाननो, बुलांग, हेकाय, जिंगमाय. जाणकारांच्या तोंडी ही नावं आपल्याकडे हापूसबद्दल देवगड आणि रत्नागिरी येतात तशी येतात. यीवूचा चहा मऊ, मधाळ. बुलांग डोंगराचा अंगावर येणारा कडू, पण तो कडूपणा जिभेवर रेंगाळत नाही, लगेच गोडीत उतरतो.

झाडांत मुख्य भेद दोन. एक, डोंगरउतारावर पायऱ्या करून लावलेली, छाटून कमरेइतकी ठेवलेली झुडपं. दुसरी, जंगलात इतर झाडांच्या सावलीत वाढलेली, शंभर वर्षांहून जुनी झाडं. त्यांच्यावर चढून पानं खुडावी लागतात. या दुसऱ्या प्रकाराला गूशू म्हणतात आणि त्याचा भाव कैक पट असतो.

जुन्या झाडांचं जग समजून घ्यायचं तर जिंगमायकडे पाहावं. बुलांग आणि दाय लोकांनी तिथे शेकडो वर्षं जंगल न तोडता, मोठ्या झाडांच्या छायेतच चहा लावला. प्रत्येक मळ्यात एक झाड चहाच्या देवतेचं मानलं जातं, खुडणीच्या सुरुवातीला त्याची पूजा होते. त्यांचा पूर्वज पा आयलंग याची कथा तिथे सांगितली जाते. मुलाबाळांसाठी मागे काय ठेवावं, याचा त्याने विचार केला. गुरंढोरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनंनाणं ठेवलं तर खर्चून जाईल. म्हणून त्याने चहाची झाडं ठेवली. सप्टेंबर २०२३मध्ये युनेस्कोने जिंगमायची जुनी चहाची जंगलं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. चहाच्या भूमीला मिळालेला तो पहिलाच मान.

कढई, ऊन आणि दगड

चैत्रात, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, पहिली खुडणी होते. एक कळी आणि दोन-तीन पानं. पावसाळ्यातली पत्ती पाणचट, शरदातली सुवासिक पण अंगाने हलकी. खुडलेली पानं काही तास पसरून सुकवतात. मग लाकडाच्या जाळावर तापलेल्या मोठ्या तिरक्या कढईत हातमोजे घालून ती परततात, उचलतात, झटकतात, पुन्हा परततात. हिरव्या चहातही हेच करतात, पण तिथे आच इतकी असते की पानातली विकरं पार निकामी व्हावीत. इथे आच बेताची. त्यानंतर पानं हाताने वळून, पिळून, बांबूच्या चटयांवर उन्हात वाळवतात. भट्टीत नाही, उन्हातच. पानात थोडा जीव शिल्लक राहतो तो या दोन गोष्टींमुळे, आणि पुढची पन्नास वर्षं त्याच शिल्लक जिवावर चालतात. भट्टीत कडक वाळवलेली पत्ती साठवली तर नुसती शिळी होते.

उन्हात वाळलेली ही सुटी पत्ती म्हणजे माओचा. तिच्यापासून चकती करताना पाहणं फार सुंदर असतं. ठरलेल्या वजनाची पत्ती धातूच्या डब्यात भरून काही सेकंद वाफेवर धरतात. ती क्षणात मऊ पडते. लगेच कापडी पिशवीत ओतून, पिशवीचं तोंड पिळून मध्यभागी गाठ बसवतात आणि वर जड दगडी साचा ठेवून कारागीर त्यावर उभा राहतो. शरीराचा तोल हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर देत तो चकती सर्व बाजूंनी सारखी दाबतो. चकतीच्या मागच्या बाजूला मधोमध जो खळगा दिसतो, तो त्या गाठीचा. यंत्राने दाबलेल्या चकत्या लोखंडासारख्या घट्ट होतात. दगडाखालची किंचित सैल राहते, हवा आत जाते, आणि म्हणून ती लवकर मुरते.

पारंपरिक चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात चकत्या बांबूच्या वाळक्या सालीत बांधल्या की अडीच किलोचं एक बंडल होतं. खेचरावर लादायला, मोजायला आणि जकात ठरवायला ते सोयीचं होतं. चकतीखेरीज विटा असतात, आणि श्यागुआनच्या कारखान्याने प्रसिद्ध केलेला वाटीच्या आकाराचा तुओचा असतो.

दाबलेल्या या कच्च्या चहाला शेंग म्हणतात. नवा शेंग फिकट पिवळा, झणझणीत, तुरट आणि कडू असतो. पुढच्या वर्षांत हवेतला प्राणवायू, पानातली उरलेली विकरं आणि सूक्ष्मजीव मिळून त्याच्यातली कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं बदलत नेतात. रंग पिवळ्यावरून केशरी, मग तांबूस, मग गडद तांबडा होतो. तुरटपणा विरतो. फुलांचा आणि गवताचा वास जाऊन जुन्या लाकडाचा, वाळलेल्या खारकेचा, कधी कापराचा वास येऊ लागतो.

दीड महिन्यात वीस वर्षं

हाँगकाँगच्या उपाहारगृहांत पु-अरला पोलेय म्हणतात. सकाळी डिमसमबरोबर पोलेयची किटली आली नाही तर तिथल्या माणसाचा दिवस सुरू होत नाही. तेलकट खाण्यानंतर तोंड स्वच्छ करणारा, गडद, मऊ चहा ही त्यांची आवड. ती भागवायची तर वर्षानुवर्षं साठवलेली पत्ती हवी आणि तेवढी ती उपलब्ध नव्हती. ग्वांगडोंगच्या कारखान्यांनी पाणी मारून पत्ती लवकर काळी करण्याची एक पद्धत काढली होती. १९७३ साली युन्नानमधली तंत्रज्ञ मंडळी ती पाहायला गेली. परतल्यावर कुनमिंगच्या कारखान्यात वू छीयिंग आणि मंगहायच्या कारखान्यात झोऊ बिंगलियांग यांच्यासारख्यांनी प्रयोग करून स्वतःची रीत बसवली. त्यातून शू, म्हणजे पक्का पु-अर, जन्माला आला.

कारखान्याच्या फरशीवर सुमारे मीटरभर उंचीची, अनेक टनांची रास रचतात. तिच्यावर पाणी शिंपडतात आणि ओल्या कापडाने झाकतात. काही दिवसांतच आत ५० ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते. अॅस्परजिलस नायजर आणि इतर बुरशी, किण्व आणि जिवाणू एकापाठोपाठ एक राशीचा ताबा घेतात. ठराविक दिवसांनी फावड्यांनी रास उलथतात, नाहीतर मधली पत्ती जळते आणि कडेची कच्ची राहते. साधारण ४५ ते ६० दिवसांत पत्ती काळसर तपकिरी होते, चहा काळा, दाट, गुळचट. कधी थांबायचं हे अनुभवी कारागीर वासावरून आणि हाताच्या स्पर्शावरून ठरवतो. मंगहायच्या पाण्यामुळे आणि तिथल्या सूक्ष्मजीवांमुळे तिथल्या शूला एक खास चव येते, असं व्यापारी मानतात.

काही रसिक शूला कमी लेखतात. मला ते पटत नाही. चांगला शू हा स्वतंत्र चहा आहे आणि नवशिक्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी. तो पोटाला सौम्य असतो, ओतताना थोडं कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही आणि खिशाला झेपतो. नवाकोरा शू मात्र लगेच पिऊ नये. राशीचा एक ओला, मातकट वास त्याला असतो, तो उडायला दोन-तीन वर्षं जावी लागतात.

पु-अरशिवाय मुरणारे चिनी चहा आणखीही आहेत. ग्वांगशीतल्या वूझौकडचा लिउपाओ टोपल्यांत भरून मलायाच्या कथिलाच्या खाणींवर गेला. तिथल्या चिनी मजुरांनी तो पिऊन जगवला आणि इपोहच्या दमट वखारींत तो मुरला. हूनानच्या आन्ह्वा भागातल्या फू विटेत मुद्दाम सोनेरी ठिपक्यांची एक उपकारक बुरशी वाढवतात. फूजियानच्या फूदिंगमधला पांढरा चहाही हल्ली साठवला जातो. पण मुरण्याचं शास्त्र, बाजार आणि वेड सगळ्यात जास्त जमलं ते पु-अरभोवतीच.

वखारीने घडवलेली चव

चहा युन्नानचा खरा, पण त्याला म्हातारपण दिलं ते हाँगकाँगने. समुद्राकाठचं ते उबदार, दमट शहर. व्यापारी पोती आणि पेट्या तळमजल्यावरच्या किंवा तळघरातल्या वखारीत ठेवत. ओलाव्याने चहा झपाट्याने बदले. काही वर्षांनी तो वरच्या मजल्यावरच्या कोरड्या, हवेशीर खोलीत हलवत, म्हणजे कुबट वास उतरे. पेट्यांच्या जागा बदलणं, दारं कधी उघडायची आणि कधी लावायची, हे जाणणारी माणसं हे त्या व्यापाराचं खरं भांडवल होतं. ही झाली पारंपरिक, ओली साठवण. पुढे काहींनी चहा तळघरात न नेता साध्या खोलीतच हळूहळू मुरवायला सुरुवात केली. ती कोरडी साठवण. कुनमिंग १९०० मीटर उंचीवर, थंड आणि कोरडं. तिथे ठेवलेली पंधरा वर्षांची चकती अजून तरुण, सुगंधी आणि कडक असते. तीच चकती हाँगकाँगला किंवा क्वालालंपूरला राहिली असती, तर गडद आणि मऊ झाली असती. म्हणून केवळ चकतीचं वय विचारून भागत नाही. कुठे राहिली, हेही विचारावं लागतं.

१९९०च्या दशकात हाँगकाँगची जुनी चहागृहं बंद पडू लागली, वखारी रिकाम्या होऊ लागल्या. कोपऱ्यात पडून असलेल्या चकत्या तैवानच्या संग्राहकांनी विकत घेतल्या. १९९५ साली तैवानमध्ये तंग शहाय यांचं पु-अरवरचं पुस्तक आलं आणि या जुन्या चहांना वंशावळ मिळाली. सोंगपिनहाव, थोंगछिंगहाव अशा खासगी पेढ्यांच्या चकत्या, १९५०च्या आसपासचा ‘लाल छाप’, ही नावं दागिन्यांसारखी घेतली जाऊ लागली. तोवर खुद्द चीनमध्ये या चहाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

मग ते वळलं, आणि फारच वळलं. २००५ साली प्रचारासाठी युन्नानहून बीजिंगपर्यंत खेचरांचा तांडा काढण्यात आला. २००७मध्ये सिमाओ शहराने स्वतःचं नाव बदलून पु-अर केलं. चहा पिण्यासाठी नव्हे, भाव वाढेल म्हणून घेतला जाऊ लागला. मंगहायच्या शेतकऱ्यांनी घरं बांधली, गाड्या घेतल्या. त्याच २००७च्या वसंतानंतर भाव कोसळले आणि वखारी भरलेल्या पेट्यांसह अडकल्या. पुढच्या वर्षी सरकारने मानक ठरवलं: युन्नानच्या ठराविक भागात पिकलेल्या, मोठ्या पानाच्या, उन्हात वाळवलेल्या पत्तीलाच पु-अर म्हणता येईल. बाजार पुढे सावरला, पण २००७चा धडा आजही लागू आहे. ज्या चहाबद्दल विकणारा चवीपेक्षा परताव्याबद्दल जास्त बोलतो, तो घेऊ नये.

घेताना

चकतीच्या कागदावर ७५४२ असा आकडा दिसला की नवखा ग्राहक त्याला वर्ष समजतो. पहिले दोन अंक ती कृती कोणत्या वर्षी ठरली ते सांगतात, इथे १९७५. तिसरा अंक पानाचा दर्जा, म्हणजे पान किती कोवळं किंवा किती मोठं. शेवटचा कारखान्याचा: १ कुनमिंग, २ मंगहाय, ३ श्यागुआन. म्हणजे आज दाबलेली चकतीही ७५४२च असते. ७५७२ हा मंगहायचाच शू, सुरुवात करायला उत्तम. चकती कधी दाबली ती तारीख कागदाच्या मागे छापलेली असते, आणि कागद कुणीही छापू शकतो. जुन्या सरकारी चकत्यांवर आठ तांबड्या चिनी अक्षरांचं कडं आणि मध्ये हिरवं ‘चहा’ हे अक्षर असायचं. त्याच्या नकला ढिगाने झाल्या. पत्तीत दाबलेली लहान चिठ्ठी थोडी अधिक विश्वासाची, पण तीही अखेरचा पुरावा नाही. लाओबानचांग आणि बिंगदाव या गावांत जेवढा चहा पिकतो, त्याच्या कितीतरी पट चहा त्यांच्या नावाने विकला जातो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? नाकावर, जिभेवर आणि चोथ्यावर.

पहिलं नाक. कोरडी पत्ती गरम केलेल्या रिकाम्या भांड्यात टाकून झाकण लावावं आणि क्षणभराने हुंगावं. उष्णतेने लपलेले वास वर येतात. जुनं लाकूड, सुकामेवा, कापूर, ओल्या मातीचा स्वच्छ वास, हे चालेल. बंद कपाटाचा, ओल्या पोत्याचा, आंबट किंवा मासळीसारखा वास आला तर पुढे जाऊच नये. थोडा वखारीचा वास पारंपरिक साठवणीच्या चहात येतोच, पण तो पहिल्या-दुसऱ्या पाण्यात उतरला पाहिजे. चकती फोडून आतही पाहावी. पांढरी, हिरवी किंवा काळी लव दिसली तर ती चकती नको.

दुसरी जीभ. चहाचा रंग गडद असला तरी उजेडात धरल्यावर तो नितळ, चमकदार दिसला पाहिजे. गढूळ चहा बहुधा घाईने ओला करून मुरवलेला असतो. कडूपणाला घाबरू नये. तो किती वेळात विरतो आणि मागे गोडी सोडतो का, हे पाहावं. चांगल्या चहाची गोडी गिळल्यावर घशातून परत येते आणि बराच वेळ राहते. घसा कोरडा पडला, खवखवला, टाळू आवळली, तर साठवण चुकली आहे.

तिसरा चोथा, आणि तो सगळ्यात प्रामाणिक. चहा संपल्यावर पानं पसरून बोटांनी उलगडावीत. सावकाश मुरलेल्या शेंगचं पान तपकिरी किंवा तांबूस, लवचीक, चामड्यासारखं असतं. ते उघडतं, शिरा दिसतात. पान काळं, कडक, उलगडायला तयार नसलेलं असेल आणि विक्रेता त्याला तीस वर्षांचा शेंग म्हणत असेल, तर तो बहुधा शू आहे किंवा पाणी मारून म्हातारा केलेला चहा आहे.

आणि एक नियम, जो मोडू नये: चाखल्याशिवाय अख्खी चकती घेऊ नये. चांगले विक्रेते वीस-पंचवीस ग्रॅमचा नमुना देतात. जुन्यातला उत्तम चहा महाग असणारच. ‘ऐंशीच्या दशकातला’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल, तर ते वय खरं नसतं.

पिताना

चहा चाकूने कापू नये, पातळ टोचणी चकतीच्या कडेने आडवी सारून पापुद्रे सुटे करावेत. टोक नेहमी हातापासून दूर. पान जितकं अखंड निघेल तितका चहा गोड. झाकण, पेला आणि बशी असं तीन भागांचं चिनी भांडं, गायवान, पुरतं. शंभर मिलिलिटरच्या गायवानला सहा-सात ग्रॅम पत्ती. पाणी खळखळतं. पहिलं पाणी ओतून लगेच फेकून द्यावं. त्याने धूळ जाते आणि दाबलेली पानं जागी होतात. दुसरं पाणी पाच-दहा सेकंद, पुढे हळूहळू वाढवत न्यावं. सगळा चहा एका लहान कपात ओतून मग पेल्यांत वाटावा, म्हणजे सगळ्यांना सारखा मिळतो. दूध-साखर अजिबात नको.

ग्वांगडोंगमध्ये वीसेक वर्षं राहिलेल्या एका शेंगबरोबर मी एक अख्खी दुपार काढली आहे. पहिल्या पेल्यात जुन्या लाकडी पेटीचा वास होता आणि चव दबलेली. तिसऱ्यात चहा एकदम जाडसर झाला, ओठांना तेलकट लागेल इतका, आणि कापूर नाकात चढला. पाचव्या-सहाव्याला कडूपणाचा एक धागा वर आला आणि त्याच्यामागून गोडी, जिभेच्या कडांना पाणी सुटलं. दहाव्यानंतर रंग उतरत गेला, पण गोडी राहिली, वाळलेल्या खारकेच्या पाण्यासारखी. शेवटची पानं किटलीत उकळली आणि तेही पाणी गोड लागलं. एकाच पत्तीने इतक्या वेळा वेगळं बोलावं, यासाठीच जुना शेंग प्यायचा. घाईत एकच पेला पिऊन तो कळत नाही.

औषध म्हणून तो पिऊ नये. वजन उतरतं, कोलेस्टेरॉल जातं, अशा जाहिराती पुष्कळ आहेत. चहात कॅफिन असतं, नवा शेंग रिकाम्या पोटी प्यायला तर पोटात जळजळतं, आणि रात्री उशिरा प्यायला तर झोप जाते. आनंदासाठी प्यावा, तेवढं पुरे आहे.

आपल्या घरात

आता हा चहा मुंबई-पुण्यातही मागवता येतो, आणि सांभाळाचा प्रश्न आपल्याही दारात येतो. पु-अरला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोवा हवामानाने हाँगकाँगच्या जवळचे. उन्हाळ्यात चहा छान चालतो, पण आषाढ-श्रावणात हवेतला ओलावा ८५ टक्क्यांवर जातो आणि उघड्या चकतीला बुरशी येऊ शकते. पावसाळ्याआधी ती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा चिनी मातीच्या झाकणाच्या बरणीत घालावी, आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र सोबत ठेवावं आणि आठवड्याला वास घेऊन पाहावं. पुण्या-नागपुरात उलटं: उन्हाळ्यात चहा वाळून निपचित पडतो. तिथे बरणीत ओलावा राखणारी छोटी पाकिटं टाकावीत.

चहा वास ओढून घेतो. म्हणून स्वयंपाकघरात मसाल्यांजवळ नको, देवघराजवळ उदबत्ती-धुपाच्या वाटेत नको, डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात तर नकोच. फ्रीजमध्येही नको, तिथे मुरणं थांबतं आणि वास लागतात. शेंग आणि शू वेगवेगळे ठेवावेत. ऊन लागू देऊ नये.

सुरुवात करणाऱ्याने एक प्रयोग जरूर करावा. एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची, पण एक कुनमिंगला आणि दुसरी हाँगकाँगला किंवा मलेशियात राहिलेली, अशा दोन शेंग चकत्यांचे नमुने मागवावेत. दोन गायवान शेजारी ठेवावेत, सारखी पत्ती, सारखं पाणी, सारखा वेळ. एकातून फिकट केशरी, फुलांच्या वासाचा, धारदार चहा येईल. दुसऱ्यातून तांबडा, मऊ, लाकडाच्या वासाचा. झाड तेच, कारखाना तोच, वर्ष तेच. फरक फक्त कुणी, कुठे आणि कसा ठेवला याचा. दोन्ही चांगले असू शकतात. कुठला आवडतो ते आपल्या जिभेने ठरवावं, आणि त्या साठवणीच्या चकत्या तेवढ्या शोधाव्यात. बाजारातली निम्मी फसवणूक वयाच्या नावाखाली चालते, पण ज्याने हे दोन पेले शेजारी ठेवून प्यायले, त्याला कागदावरचं वर्ष दाखवून कुणी सहज गंडवू शकत नाही.